पोलिसांवर पहारा, पण कोणाच्या पगारावर?

पोलीस कोठडीत माणूस मेला की आपल्याकडे एक ठराविक क्रम सुरू होतो. मोर्चा निघतो, बंद पुकारला जातो, मंत्रिमहोदय चौकशीचे आश्वासन देतात आणि एकदोन शिपाई निलंबित होतात. पुढे दंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्याने होते. परंतु गुन्ह्याचा तपास महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातो, आणि तो विभाग पोलीस खात्याचाच आहे. ज्या ठाण्याच्या डायरीवर संशय, ती डायरी तपासणाराही त्याच खात्याचा नोकर. 'चौकशी झालीच पाहिजे' ही आपली घोषणा जुनी आहे. परंतु चौकशी करणाऱ्या माणसाला नेमतो कोण, पगार कोण देतो आणि चौकशी संपल्यावर तो कोठे परत जातो, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले. पोलिसांवरील नागरी नियंत्रणाचे सारे मर्म मात्र याच प्रश्नांत आहे.

हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. आणीबाणीचा अनुभव ताजा असताना, १९७७ साली, जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत आणि बलात्कार यांची न्यायिक चौकशी सक्तीची असावी, असे या आयोगाने सांगितले. महाराष्ट्राला त्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेले दोन पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले. १९७९ साली चार कायदा-प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कायदा बदलला, पण पोलिसांविरुद्ध पुरावा गोळा करणारे हात बदलले नाहीत.

आयोगाचे आठ अहवाल १९८१पर्यंत सादर झाले आणि दप्तरात पडून राहिले. १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी इतरांसह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल २२ सप्टेंबर २००६ रोजी लागला. राज्यपातळीवर आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश असावा, सदस्य पूर्णवेळ व योग्य वेतन घेणारे असावेत, जागेवर जाऊन चौकशी करणारा कर्मचारीवर्ग असावा आणि प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असा आदेश न्यायालयाने दिला. त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या न्यायमूर्ती के. टी. थॉमस समितीला मात्र २०१० साली राज्यांच्या उदासीनतेविषयी खेदच व्यक्त करावा लागला.

महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून प्राधिकरणाची तरतूद केली. पण ती कशी? न्यायालयाने जिल्हा सांगितला होता. आपल्या कायद्याने महसुली विभाग धरला. छत्तीस जिल्ह्यांच्या राज्यात सहा विभाग. भामरागडच्या आदिवासीने नागपूर गाठावे, असा याचा अर्थ. शिवाय राज्य प्राधिकरणात निवृत्त पोलीस अधिकारी आहेच, त्याच्या जोडीला सेवेतील पोलीस अधिकाऱ्यालाही सदस्य करण्यात आले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा, त्यांच्यापैकीच एकाला पहारेकऱ्यांत बसविण्याची ही व्यवस्था आहे. मानवी हक्क आयोगांची स्थितीही फारशी वेगळी नाही. १९९३च्या कायद्यानुसार राज्य आयोगाला तपासासाठी मिळणारा कर्मचारीवर्ग सरकारच पुरविते आणि त्याचा प्रमुख पोलीस महानिरीक्षक वा त्याहून वरचा अधिकारी असतो.

यापेक्षा वेगळे काही शक्य आहे काय? उत्तर आयर्लंडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील कॅथॉलिक जनतेचा पोलिसांवर मुळीच विश्वास उरला नव्हता. मॉरिस हेज यांच्या १९९७च्या अहवालानंतर कायदा झाला आणि नोव्हेंबर २०००मध्ये पोलीस लोकपालाचे कार्यालय सुरू झाले. या कार्यालयाला स्वतःचे तपासनीस आहेत आणि तपासापुरते त्यांना पोलिसाचे अधिकार आहेत. ओमा येथे १९९८ साली झालेल्या स्फोटात २९ माणसे मेली. त्या प्रकरणात पोलिसांनी पूर्वसूचनांचे काय केले, याचा परखड अहवाल पहिल्या लोकपाल नुआला ओ'लोन यांनी २००१ साली दिला. पोलिसांचे खबरे खून करीत असता गुप्तवार्ता शाखा त्यांना पाठीशी घालीत होती, हे २००७ साली याच कार्यालयाने उघड केले.

परंतु तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. तोच कायदा व तीच इमारत असता, २०११ साली तेथील सरकारी निरीक्षण संस्थेलाच सांगावे लागले की या कार्यालयाचे स्वातंत्र्य खालावले आहे. जुन्या हत्यांचे तपास काही काळ थांबवावे लागले आणि तत्कालीन लोकपालांना मुदतीपूर्वी पद सोडावे लागले. स्वातंत्र्य एकदा कायद्यात लिहून संपत नाही. तेथे काम करणाऱ्या माणसांना ते रोज राखावे लागते, आणि बाहेरची संघटित जनता जागी असेल तरच ते राखता येते.

असे नियंत्रण आले की पोलिसांचे मनोधैर्य खचते, असे म्हटले जाते. खचते कोणाचे? खात्याच्या चौकशीत बहुधा बळी जातो तो शिपाई. बारा-बारा तास उभा राहणारा हा श्रमिक वरून आलेला हुकूम पाळतो आणि प्रकरण अंगाशी आले की एकटा पडतो. हुकूम देणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे बळ बाहेरच्या तपासनिसालाच असू शकते. तपासाचे कौशल्य फक्त पोलिसांकडे असते, हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. उत्तर आयर्लंडनेही आरंभी इतर पोलीस दलांतील अनुभवी माणसे घेतली. पण ज्या दलाची चौकशी करायची त्या दलातून उसनी नव्हे. कौशल्य शिकविता येते. बढतीची भीती मात्र प्रशिक्षणाने जात नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात हवे. सेवेतील पोलीस अधिकारी त्याच्या सदस्यांत नको. तपासनिसांचा स्वतंत्र संवर्ग हवा. त्यांची भरती, वेतन व बढती गृहखात्याच्या हाती नसावी आणि प्रतिनियुक्तीवरील पोलिसांवर त्यांचे काम चालू नये. खर्चाची तरतूद विधिमंडळाने थेट करावी आणि वार्षिक अहवालावर सभागृहात चर्चा व्हावी.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना काम नाही असे नाही. तक्रारदार एकटा गेला तर बहुधा हात हलवीत परततो. त्याच्याबरोबर जावे, तक्रार लिहून द्यावी, पोच घ्यावी, वैद्यकीय कागद जपावेत. आपल्या विभागाच्या प्राधिकरणात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि तेथे किती पदे भरलेली आहेत, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे व गावच्या सभेत वाचून दाखवावे. तेथे प्रामाणिकपणे काम करू पाहणारा एखादा तपासनीस असेल, तर त्यालाही आपल्या पाठीशी कोणी आहे हे त्यातूनच कळेल.