हवेलीचा फोटो टाकलात, आता हिशेबही टाका

तालुक्याच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. आमचे एक सर लेकाकडे इंग्लंडला गेलेत. तिथल्या एका हवेलीचा फोटो आणि खाली 'वारसा जपावा तर इंग्रजांनीच!' मग काय, 'अगदी खरं सर' म्हणणाऱ्यांची रांग. हवेली होती बर्कशायरमधली बेसिल्डन पार्क. म्हणून राहवलं नाही.

देखणी आहे, नाही कोण म्हणतंय? बाथचा पिवळसर दगड, मधोमध चार उंच खांब, दोन्ही अंगांना जोडइमारती, आत अष्टकोनी दालन. यॉर्कच्या जॉन कारनं 1776 मध्ये बांधायला घेतली. डावं-उजवं अगदी मोजून सारखं. पण सर, पैसा कुणाचा?

मालक फ्रान्सिस साइक्स. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, क्लाइव्हच्या मर्जीतला, मुर्शिदाबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट. 1765 मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क. साहेब तेव्हा तिथेच. अशी संपत्ती नुसत्या पगारातून होत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. 1769 च्या सुमारास गडी गब्बर होऊन मायदेशी. 1770 ला बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. 1771 ला यानं बेसिल्डनची जमीन घेतली. ही तीन सालं शेजारी ठेवून बघा. आणि हो, 1774 च्या निवडणुकीत शाफ्ट्सबरीत मतं विकत घेतली म्हणून याची खासदारकीही गेली. ओळखीचं वाटतंय ना?

आता 'जपण्या'बद्दल. विसाव्या शतकात तिकडे अशा हजारावर हवेल्या पाडल्या. वारसाकर परवडेना, नोकर मिळेनात. बेसिल्डनच्या आतली नक्षी, दारं-बिरं उचकटून विकली, त्यातली काही थेट न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेली. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं ताबा घेतला. हवेली वाचली ती 1950 च्या दशकात इलिफ नावाच्या पती-पत्नींनी घेतली म्हणून (घराणं वृत्तपत्रवाल्यांचं, आमच्याच धंद्यातले, फक्त मालकाच्या खुर्चीतले). कारच्याच एका पाडल्या जाणाऱ्या हवेलीतली दारं आणून त्यांनी इथे बसवली. 1978 ला सगळं नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. म्हणजे दोन माणसांची हौस आणि पैसा. त्यात 'इंग्रजी संस्कृती' कुठून आली?

याच ट्रस्टनं 2020 मध्ये अहवाल काढला, की आमच्या ताब्यातल्या 93 वास्तूंचा गुलामगिरीशी किंवा वसाहतींशी संबंध आहे. त्यावर तिथले काही खासदार आणि पेपरवाले असे खवळले, जणू कुणी हवेलीलाच आग लावली. अहो, एक वीट हलवली नव्हती. फक्त पैसा कुठून आला एवढं लिहिलं होतं. खिडक्यांचं कौतुक सांगितलं तर तो इतिहास, आणि त्याचं बिल कुणी भरलं हे सांगितलं तर ते राजकारण, हा कुठला न्याय?

सर, फोटो खुशाल टाका. पण पोस्टमध्ये 'मुर्शिदाबाद' हा एक शब्द वाढवा. नसेल जमत, तर कमेंटमध्ये मी टाकतोच आहे.