लकव्याचा इलाज: पहिले साडेचार तास आणि पुढचे सहा महिने

मेंदूच्या आजारांवरच्या बातम्या सध्या थक्क करणाऱ्या येत आहेत. २०२३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी एक प्रयोग जाहीर केला. स्ट्रोकमुळे एका महिलेची वाचा अनेक वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ इलेक्ट्रोड असलेली पातळ पट्टी बसवली गेली. ती बोलण्याचा प्रयत्न करी आणि संगणक तिचे शब्द मिनिटाला सुमारे ७८ च्या वेगाने उमटवत असे. २०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवली आणि अंग लुळं पडलेला तो तरुण नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळताना सगळ्या जगाने पाहिला. आमच्या शाळेतल्या पोरांनीही तो व्हिडिओ पाहिला. "सर, म्हणजे आता फालिज बरा होणार का?" असं त्यांनी विचारलं.

त्याच दिवसांत नववीतली एक हुशार मुलगी तीन आठवडे शाळेत आली नव्हती. आम्ही घरी गेलो तेव्हा कळलं, तिच्या दादांना फालिज झालाय. अब्बा रोजंदारीवर जातात, अम्मीकडे धाकटं बाळ आहे, म्हणून दादांचं उठणं-बसणं, खाणं-पिणं या पोरीकडे आलं होतं. एका बाजूला मेंदूत चिप बसवणारं जग आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक मिटून दादांची कूस बदलणारी चौदा वर्षांची मुलगी. ही दरी का आहे, ते या लेखात पाहू.

सकाळी फजरला पडले, दवाखान्यात मगरिबला पोहोचले

दादा फजरची नमाज पढून चहाला बसले होते. उजव्या हातातला कप निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द जड झाले. घरचे म्हणाले, हवा लागली. तेलाने मालिश झाली. दम केलेलं पाणी आलं. कुणीतरी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला, त्यासाठी एक माणूस बाजारात धावला. दुपारी पाय उचलेना तेव्हा गाडी शोधली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत मगरिब झाली होती. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?" उत्तर ऐकून ते म्हणाले, "गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ गेली."

हे इंजेक्शन काही कालपरवाचं नाही. १९९५ साली अमेरिकेतील चाचणीत ते उपयोगी ठरलं, १९९६ ला तिथे मंजुरी मिळाली. सुरुवातीला मर्यादा तीन तासांची होती. २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांवर गेली. आपल्याकडे सुमारे ८० टक्के लकवे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडल्यामुळे होतात, बाकीचे वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे. मोठी वाहिनी बंद पडली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक गाजलेला अंदाज आहे. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून घाई.

पुढचं पाऊल २०१५ साली पडलं. मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, तारेच्या जाळीने गुठळी ओढून काढण्याची पद्धत पाच मोठ्या चाचण्यांत एकाच वर्षी सिद्ध झाली. २०१८ साली असंही दिसलं की निवडक रुग्णांत, मेंदूचा काही भाग अजून वाचण्याजोगा आहे असं स्कॅनमध्ये दिसलं, तर २४ तासांपर्यंतही ही गुठळी काढता येते. मात्र ही सोय मोठ्या शहरांत आहे आणि खर्च काही लाखांत जातो. पण मेंदूचं सीटी स्कॅन आणि इंजेक्शन अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी मिळू शकतं. आपण वेळेत पोहोचलो तर!

एक ताकीद इथेच. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही, फक्त स्कॅनमध्ये कळतं. म्हणून घरात "रक्त पातळ करायची गोळी" म्हणून अॅस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असेल तर ती घात करील.

मग कबुतरवाल्याचा गुण येतो कसा?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. "सर, अमक्याचं तोंड वाकडं झालं होतं, उपाय केला आणि महिन्याभरात सरळ झालं. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय." ते खोटं बोलत नाहीत. उर्दू जाणणाऱ्यांना माहीत आहे की जुन्या हकिमांच्या भाषेत लकवा म्हणजे तोंड वाकडं होणं आणि फालिज म्हणजे अर्धं अंग जाणं. हे दोन वेगळे आजार मानले जात. आपण मराठीत दोन्हींना लकवाच म्हणू लागलो आणि घोळ झाला. नुसता चेहऱ्याचा लकवा बहुतेक वेळा चेहऱ्याच्या एका नसेच्या सुजेमुळे होतो, मेंदूशी त्याचा संबंध नसतो, आणि बहुसंख्य लोकांत तो काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. श्रेय मात्र कबुतराला मिळतं. मग तोच उपाय मेंदूच्या झटक्यावर वापरला जातो आणि तिथे साडेचार तास निघून जातात.

दोन्हींतला फरक ओळखणं हे घरच्यांचं काम नाही. तोंड वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळतंय, अचानक दिसेनासं झालं किंवा तोल गेला, यातलं एकही दिसलं तर १०८ लावायचा आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवायची. दुआ करायला कुणाची मनाई नाही, ती गाडीत बसूनही होते. इलाज करणं हा दीनचाच भाग आहे, हे आपले उलेमा सांगत आलेत.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण सांगितलीच पाहिजे. रुग्ण पडला की आपण प्रेमाने त्याच्या तोंडात झमझम घालतो, खजूर भरवतो. लकव्याच्या सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांना नीट गिळता येत नाही. तोंडात घातलेलं पाणी मग फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. डॉक्टर किंवा नर्स गिळण्याची तपासणी करेपर्यंत तोंडात काहीही घालू नये. ओठ ओले केले तरी भावना पोहोचते.

घरी आल्यावर खरी लढाई

दादांना पाच दिवसांनी सुट्टी मिळाली. हातात औषधांची चिठ्ठी आणि "व्यायाम करा" एवढाच सल्ला. कोणता व्यायाम, किती वेळा, कुणी करवून घ्यायचा, काही नाही. घरच्यांनी दादांना पलंगावर निजवलं आणि सगळं त्यांच्यासाठी करू लागले. आपल्याकडे याला खिदमत म्हणतात आणि त्यामागचं मन सोन्याचं असतं. पण मेंदूचा कायदा वेगळा आहे. जे अवयव वापरात नाहीत, त्यांना तो विसरतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांत पाहिलं की कमजोर हात हलू शकत असला तरी माकड तो वापरणंच सोडून देतं. त्यांनी उलट उपाय काढला. चांगला हात बांधून ठेवायचा आणि कमजोर हाताला कामाला लावायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते, लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे चांगल्या हातावर मोजा आणि कमजोर हाताला रोज कित्येक तास सराव, एवढ्यावर त्यांचा हात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त सुधारला. हा उपाय ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल आहे त्यांनाच लागू पडतो. पण मेंदू नव्या वाटा काढू शकतो, हे त्यातून पक्कं झालं. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. नंतरही होते, पण हळू.

याचा अर्थ पहिल्याच दिवशी रुग्णाला उठवून चालवायचं असाही नाही. २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांत जास्त आणि वारंवार चालवलेल्या रुग्णांचा निकाल उलट थोडा कमी चांगला आला. कधी आणि किती, हे तज्ज्ञाने ठरवायचं.

इथे आपल्या देशातली एक मोठी चाचणी समजून घेण्यासारखी आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ती झाली आणि २०१७ साली निकाल आला. कल्पना चांगली होती: फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, तर घरच्यांनाच शिकवू. पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. प्रत्येकात सुमारे ४७ टक्के रुग्ण एकतर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. घरच्यांचं प्रेम लागतंच, पण ते तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. नववीतल्या पोरीची तर नाहीच नाही.

महागड्या यंत्रांच्या जाहिराती पाहून दबून जाऊ नये. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर रोबोटने हाताचा व्यायाम करवून पाहिला. २०१९ च्या निकालात हात वापरण्याच्या क्षमतेत नेहमीच्या उपचारापेक्षा विशेष फरक दिसला नाही. आणि स्टेमसेलच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा. रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज हे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देऊ नयेत, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून तर पैसे घ्यायचेच नसतात.

"दिमाग गेलाय" असं म्हणू नका

दादा बोलत नव्हते. नातीचं नाव विचारलं तरी शब्द फुटत नसे, डोळ्यांत पाणी येई. घरच्यांनी धरून चालले होते की यांचा दिमाग गेला. एके दिवशी आम्ही बसलो असताना अस्रची अजान झाली. घरात कुणीतरी सूरह फातिहा पढू लागलं आणि दादांनी मागोमाग ती जवळजवळ सगळी म्हटली. घरचे रडू लागले, चमत्कार म्हणाले. खरं तर वाचा गेलेल्या अनेकांत हे दिसतं. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे दुआ, अंक, गाणी, मेंदूत वेगळ्या रीतीने साठलेल्या असतात. नवीन वाक्य जुळवणं वेगळं. सुरात बोलवून शब्द परत आणण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. अशा माणसाला समजतं, सांगता येत नाही. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नये. एका वेळी एक छोटं वाक्य बोलावं, उत्तराला वेळ द्यावा. घरात दखनी, बाहेर मराठी, नमाजेत अरबी अशा माणसाची कोणती भाषा आधी परत येईल, हे सांगता येत नाही. म्हणून स्पीच थेरपिस्टला घरात कोणती भाषा चालते ते आवर्जून सांगावं.

दादा जेवत का नव्हते, हेही उशिरा कळलं. उजवा हात चालत नव्हता आणि डाव्या हाताने घास घ्यायची त्यांना लाज वाटत होती. मशिदीच्या मौलानांनी येऊन सांगितलं, "चाचा, मजबुरीत माफ आहे. नमाजसुद्धा बसून, इशाऱ्याने होते." त्या दिवसापासून ते जेवू लागले. लकव्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे, हेही लक्षात असू द्या.

पैसा आणि जमात

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना लागू करून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा. पण ही योजना मुख्यतः दाखल असतानाच्या उपचारांसाठी आहे. पुढच्या महिन्यांची फिजिओथेरपी आणि रिक्षाभाडं कुटुंबाच्या खिशातून जातं आणि तिथेच इलाज तुटतो. आपली बैतुलमालं ऑपरेशनला मदत करतात, ही फार चांगली गोष्ट आहे. आमची विनंती एवढीच की गरजू रुग्णाच्या सहा महिन्यांच्या फिजिओथेरपीलाही जकातीचा पैसा लावावा. पडद्यामुळे महिलांचे व्यायाम अडतात; पण या पेशात महिला भरपूर आहेत, मागितलं तर मिळतात.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त राहिलं तर २०१६ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्यावर आपण सगळे जातो. तिथूनच जवळ, हाजी अली पार्कात, केंद्र सरकारची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून उभी आहे. तिथे व्यायाम, कृत्रिम अवयव, आधाराची साधनं यांचं काम चालतं. दर्ग्याला जाणाऱ्या किती जणांना ती माहीत आहे?

शेवटी दुखण्याआधीचं. लकव्याचं सर्वात मोठं कारण रक्तदाब आहे. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नये. रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ सहरी-इफ्तारला बसवून घ्यावी, मनाने सोडू नये.

ती मुलगी आता शाळेत येते. आठवड्यातून तीन दिवस मोहल्ल्यातली दोन पोरं दादांना रिक्षाने सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीला नेतात, भाडं जमातीतून निघतं. दादा काठी घेऊन दारापर्यंत येतात, नातीला नावाने हाक मारतात. उजवी मूठ अजून उघडत नाही. त्या दिवशी फजरनंतर लगेच निघाले असते तर उघडली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. आमच्या शाळेच्या फलकावर आणि मशिदीच्या दाराशी आम्ही आता एक कागद लावलाय. त्यावर लकव्याची चार लक्षणं, १०८ आणि खाली एक ओळ आहे: "वेळ लिहून ठेवा." तुमच्या मशिदीच्या दाराशीही लावा.