जन्मफूल गोंदवायचंय? जरूर गोंदवा. पण आधी एवढं वाचा.

मंडळी, सध्या पोरापोरींच्या स्टेटसला एक तक्ता फिरतोय. बारा महिने, बारा फुलं, प्रत्येक फुलाचा अर्थ. जानेवारीवाल्यांना कार्नेशन, मार्चवाल्यांना डॅफोडिल, मेवाल्यांना लिली ऑफ द व्हॅली, ऑक्टोबरला मॅरीगोल्ड, नोव्हेंबरला शेवंती, डिसेंबरला नार्सिसस. आपल्या महिन्याचं फूल शोधायचं, मनगटावर नाहीतर खांद्यावर काढून घ्यायचं. कुणी स्वतःचं काढतं, कुणी आईच्या नाहीतर लेकराच्या महिन्याचं. कल्पना चांगली आहे. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

"हे काय नवीन खूळ" म्हणणाऱ्यांना तर पहिला प्रश्न माझाच : तुमच्या आजीच्या हातावर काय होतं?

आपल्या पानशेत-वेल्हे भागात साठी-सत्तरीच्या पुढच्या बाईचा हात बघा. तुळस, चांदणी, चंद्रकोर, विंचू, हनुवटीवर ठिपका, दंडावर भावाचं नाहीतर नवऱ्याचं नाव. जत्रेत किंवा दारावर गोंदणारीण यायची. दिव्याची काजळी, पाल्याचा रस, दोन-चार सुया एकत्र बांधलेल्या. वरून हळद. बाकी दागिने सावकाराकडं जातात, सोनं सुनेकडं जातं, पण गोंदण मेल्यावरही सोबत येतं, असं जुन्या बाया सांगायच्या. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं ठरलं. घर गेलं, वावर गेलं, देऊळ गेलं. हातावरची तुळस तेवढी नव्या जागी बरोबर आली.

तर मुद्दा असा की गोंदवणं आपल्याला नवं नाही. नवीन आहे तो तक्ता. आणि त्या तक्त्याबद्दल थोडं बोलायला पाहिजे.

हा तक्ता आला कुठून? फुलांना ठरावीक अर्थ देण्याची टूम युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वाढली. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू नावाची इंग्रज बाई तुर्कस्तानात राहिली होती. तिकडं फुला-वस्तूंमधून निरोप पाठवतात असं तिनं पत्रांतून लिहिलं, ती पत्रं १७६३ मध्ये छापून आली. पुढं १८१९ मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावानं 'फुलांची भाषा' सांगणारं पुस्तक निघालं, आणि मग इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळात अशा पुस्तकांचा पूर आला. उघड बोलता येत नाही ते गुच्छातून सांगायचं, असा तो मामला.

आता त्या यादीतली फुलं त्या-त्या महिन्यात का आहेत? बरीचशी तिकडच्या हवामानामुळं. मार्चला डॅफोडिल, कारण तिकडं थंडी सरताना डॅफोडिल फुलतं. जानेवारीला कार्नेशनच्या जोडीला स्नोड्रॉप, कारण ते बर्फातून डोकं वर काढतं. आपल्याकडं जानेवारीत बर्फ कुठला? कडव्याच्या घाटात धुकं पडतं तेवढंच. आणि मार्चमध्ये आपल्या डोंगरात पळस पेटलेला असतो, पांगारा आणि सावर लालभडक झालेली असते. ते सगळं सोडून मार्चमध्ये जन्मलेली आपली पोरगी कधी न बघितलेलं डॅफोडिल हातावर घेते. का, तर तक्त्यात लिहिलंय.

अर्थाचं तर आणखी गमतीशीर. ऑक्टोबरचं फूल मॅरीगोल्ड. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा अर्थ काय दिलाय माहितीये? दुःख. काही ठिकाणी मत्सर. (त्यांचं जुनं मॅरीगोल्ड म्हणजे बहुतेक कॅलेंडुला, पण आज तक्त्यात चित्र झेंडूचंच असतं.) आपल्याकडं बहुतेक वेळा ऑक्टोबर म्हणजे दसरा. त्या दिवशी दाराला झेंडूचं तोरण, ट्रॅक्टरला झेंडूची माळ, एसटीच्या पुढं झेंडू. झेंडूइतकं आनंदाचं फूल आपल्याकडं दुसरं नाही. गंमत म्हणजे हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आणि तिकडं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांची आठवण म्हणून त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात. फूल एकच. एका देशात तोरण, एका देशात पितरांची वाट, एका पुस्तकात दुःख.

शेवंतीचंही तसंच. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला लोक कबरींवर शेवंती ठेवतात. तिकडं पाहुण्याच्या घरी शेवंती नेली तर यजमान गोंधळात पडेल. आपल्याकडं शेवंतीची वेणी घालून बाई लग्नाला जाते.

आपल्या रानातली कळलावी घ्या. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते. तामिळनाडूचं ते राज्यफूल आहे. झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. आणि आपण 'कळलाव्या' कुणाला म्हणतो ते सांगायला नको! नव्या नवरीनं मोठ्या हौसेनं हातावर कळलावी काढली, तर सासरच्या मंडळींना तोंड दाबून हसावं लागेल. शिवाय तिचा कंद जहाल विषारी, हे वेगळंच.

सांगायचं एवढंच की अर्थ फुलात नसतो. ते फूल ज्या लोकांत राहतं, त्यांच्यात असतो. म्हणून तक्त्यातून फूल उचललं तर चित्र मिळतं, अर्थ मिळेलच असं नाही.

मग आपल्याकडचं काय काढावं? मी काही पंचांग काढून देणार नाही, पण सुचवायला हरकत नाही. मे महिन्यात जन्मलात? ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळ्या तुऱ्यांनी झाड भरलेलं असतं. नाहीतर बहावा, भर उन्हात पिवळी झुंबरं. सप्टेंबर? सोनकी. तोरणा-राजगडाच्या वाटेवर उतारच्या उतार पिवळे होतात. ऑगस्ट-सप्टेंबरलाच तेरडा, ज्याची आपल्याकडं कित्येक घरांत गौर बसते आणि मुळं म्हणजे गौरीची पावलं. अर्थात 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण ज्यानं केली, त्याला कायमचं गोंदवलेला तेरडा बघून काय वाटलं असतं कुणास ठाऊक. आणि थांबायची तयारी असलेल्यांना कारवी. वर्षानुवर्षं नुसतं झुडूप, आणि सात-आठ वर्षांतून एकदा अख्खा डोंगर जांभळा. भरतीसाठी चौथ्यांदा मैदानावर उतरलेल्या पोराला यापेक्षा चांगलं फूल मी सुचवू शकत नाही.

भरतीचं नाव निघालं, तर आता खरं कामाचं. ही पोस्ट लिहायचं मोठं कारण हेच आहे.

आपल्या भागातली कितीतरी पोरं-पोरी पहाटे उठून रस्त्यावर पळतात. सैन्य, निमलष्करी दल, पोलीस. त्यांनी लक्ष देऊन वाचा. सैन्याच्या अग्निवीर भरतीत कायमचा टॅटू फक्त दोनच जागी चालतो : हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. खांदा, दंड, मान, छाती, पोटरी, इथं असेल तर पुढं जाता येत नाही. परंपरेनं गोंदवणाऱ्या आदिवासी जमातींच्या उमेदवारांना सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफसारख्या केंद्रीय दलांचा नियम आणखी कडक. आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची, कारण उजव्यानं सॅल्यूट करायचा. नाहीतर पंजाची मागची बाजू. आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. आणि मजकुरात धार्मिक चिन्ह, आकृती, नाव यांचा उल्लेख आहे. फुलाचं काय, ते फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्या. बाकी भरतीचे नियम वेगळे असू शकतात, तेही जाहिरातीतच बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

दोन वर्षं पळून पळून छाती-उंची-वेळ सगळं बसवलं आणि मेडिकलला उजव्या दंडावरच्या गुलाबानं घरी पाठवलं, तर तो गुलाब कुठल्या महिन्याचा होता याला काही अर्थ राहत नाही. लेझरनं काढू म्हणाल, तर ते एका बैठकीत होत नाही. महिनोन्महिने, अनेक वेळा जावं लागतं, पैसे बक्कळ लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-पिवळा हट्टी असतो. आणि फुलाच्या टॅटूत पानं हिरवीच असतात.

दुसरी गोष्ट सुईची. जत्रेत, पर्यटकांच्या गर्दीत मशीन घेऊन बसलेल्याकडं स्वस्तात काम होतं. पण एकच सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून जाऊ शकतात. सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढली का, शाई नव्या छोट्या टोपणात ओतली का, हातमोजे नवे घातले का, एवढं बघायला लाज वाटून घेऊ नका. तुमचे पैसे, तुमचं रक्त. आणि टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनीही पोरांना सांगावं.

शेवटी एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आजीच्या गोंदणाचं कौतुक करताना आपण एक विसरतो. त्यातल्या कितीतरी बायांना विचारलंच नव्हतं. सात-आठ वर्षांच्या पोरीला दोघींनी धरायचं आणि गोंदायचं. काय काढायचं ते आई नाहीतर गोंदणारीण ठरवायची. त्याच बाया पुढं शहरात गेल्या, तर नातवंडंच म्हणाली, "आजी, कपाळावरचं ते झाकून घे, अडाणी दिसतं." म्हणजे गोंदवताना विचारलं नाही, आणि नंतर लाजही तिनंच बाळगायची. आज तेच इंग्रजी नावानं आलं की फॅशन, आणि आजीच्या हातावर असलं की अडाणीपणा? हे काही बरं नाही.

आजच्या पोरींना निवड आहे. गोंदवायचं की नाही, कुठं, काय, कुणाकडून. आजीला न मिळालेली गोष्ट हीच. मग ती निवड एका फिरत्या तक्त्याच्या हातात देऊन कशी चालेल? तिथंही दुसराच कुणीतरी ठरवतोय की तुमच्या महिन्याचं फूल कुठलं आणि त्याचा अर्थ काय.

डॅफोडिल मनापासून आवडत असेल, तर बिनधास्त डॅफोडिल काढा. पण आवडतं म्हणून काढा, तक्त्यात आहे म्हणून नको. आणि जाण्याआधी एकदा घरातल्या आजीजवळ बसा. तिचा हात हातात घ्या. हे काय आहे, कधी काढलं, कुणी काढलं, दुखलं का, तुला विचारलं होतं का, हे विचारा. कदाचित तुमचं डिझाइन तिथंच सापडेल.

कमेंटमध्ये लिहा, तुमच्या घरात कुणाच्या हातावर काय गोंदलंय. फोटो टाकणार असाल तर आधी त्यांना विचारा. यावेळी तरी विचारा. आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींपर्यंत ही पोस्ट पोचवा.