रोज संध्याकाळी घरात येणारी जात

"टीव्हीवर काय बघायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे," असं आपल्यातले चांगले वाचलेले कार्यकर्तेही म्हणतात. लग्नात कोणते विधी करायचे हा मात्र आपण ज्याचा त्याचा प्रश्न मानत नाही. त्यावर विहारात तासन् तास वाद घालतो. मग वर्षातून एखाद्या लग्नावर एवढी चर्चा आणि रोज संध्याकाळच्या दोन-तीन तासांवर एक शब्दही नाही, हे कसं?

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात पसरली कशी, याचं एक मोठं कारण त्यांनी अनुकरणात दाखवलं. वरच्यांनी आपलं दार लावून घेतलं, खालच्यांनी त्यांचं पाहून आपलं लावलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल टार्ड यांचा आधार घेऊन त्यांनी सांगितलं की अनुकरण वरून खाली वाहतं आणि अंतर जितकं कमी तितकं ते जोरात होतं. ब्राह्मणांच्या जवळच्या जातींनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही उचललं, दूरच्यांनी कमी.

आता सांगा, टीव्हीने हे अंतर किती ठेवलं? ज्या वाड्याच्या उंबऱ्यावर आपल्या आजीला उभं राहू दिलं नाही, त्याच वाड्याचा दिवाणखाना रोज आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन बसतो.

त्या दिवाणखान्यात कोण राहतं? 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये गोखले, 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये सुभेदार, 'आई कुठे काय करते'मध्ये देशमुख. कांबळे, वाघमारे, सोनकांबळे यांचं घर मालिकेच्या मध्यभागी तुम्ही कधी पाहिलंत? वटपौर्णिमा आली की सूनबाई वडाला फेऱ्या घालते, श्रावणात मंगळागौर रंगते. बुद्धपौर्णिमेला खीर करणारी नायिका आठवते का? 'चांगलं घर' म्हणजे देवघर असलेलं घर, 'चांगली बाई' म्हणजे सोसणारी सून, हे कुणी भाषणात सांगत नाही. ते रोज दाखवलं जातं, म्हणूनच ते मुरतं.

यावर उत्तर मिळतं, "2019 मध्ये स्टार प्रवाहने बाबासाहेबांवर मालिका केलीच ना!" केली, आणि वस्त्यावस्त्यांतून लोकांनी ती मनापासून पाहिली. त्यामुळे 'तुमचा प्रेक्षकच नाही' ही सबब संपली. मग पुढे काय झालं? वाहिन्यांना महामानव चालतो, त्याचा माणूस चालत नाही. बाबासाहेबांचं चरित्र दाखवता येतं, कारण ते इतिहासात ठेवता येतं. आज बँकेत नोकरी करणारी, प्रेमात पडणारी, भाड्याने घर मागताना आडनाव विचारलं जाणारी बौद्ध मुलगी नायिका झाली, तर आजच्या जातीबद्दल बोलावं लागेल.

दुसरं उत्तर आपल्या तरुणांचं असतं, "मी टीव्ही बघतच नाही." भावा, तू मोबाईल बघतोस, घरात टीव्ही आई बघते. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून ती साडेसातला बसते, तेव्हा तिला "हे काय मनुवादी बघतेस" म्हणून रिमोट हिसकावणं यात कसलं प्रबोधन आहे? ती तर नवऱ्याची जुनीच दादागिरी. शिवाय क्रिकेट आणि बातम्यांच्या नावाखालचा आरडाओरडा पुरुषांनी बघितला, तर त्याला कुणी नावं ठेवत नाही.

एकट्याने टीव्ही बंद करूनही वाहिनीला धक्का बसत नाही. टीआरपी मोजायचं यंत्र निवडक घरांतच असतं. म्हणून संघटितपणे करायची कामं वेगळी आहेत. आईशेजारी बसा, मालिका तिच्यासोबत बघा आणि विचारा, या घरात भांडी कोण घासतं, तिचं आडनाव काय, तिचं घर कधी दाखवतात का? तिच्याकडे उत्तरं आहेत, कारण ती भांडी तीच घासते. महिला मंडळात महिन्यातून एकदा मालिकेवर चर्चा ठेवा. वाहिन्यांना मंडळाच्या सहीशिक्क्याने पत्रं पाठवा. लिहिणाऱ्या मुलामुलींना फक्त कवितेकडे नको, पटकथेकडेही वळवा.

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, तो दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्याला जागा नव्हती म्हणून. आज जागा नाही ती पडद्यावर. तिथे आपलं घर आपणच लिहायचं आहे.

जय भीम.