सामन्याचा भार टॉवरवर कशाला?

भारताचा सामना असला की बऱ्हाणपुरात पॉवरलूमच्या खटखटाटातही मोबाइल सुरू असतो. नेमक्या शेवटच्या षटकात पडद्यावरचे चक्र फिरू लागते आणि शेजारच्या टीव्हीवरचा जल्लोष आधीच कानी पडतो. हे एक वेळ सोसता येईल. पण त्याच वेळी चहाच्या टपरीवर क्यूआर कोडचे पैसे अडकणार असतील, केळीचा भाव ठरवणारा निरोप खोळंबणार असेल, तर तो प्रश्न करमणुकीचा राहत नाही.

उपग्रहावरून येणारे प्रक्षेपण शंभर डिशनी पकडले काय किंवा लाखांनी, त्याचा भार वाढत नाही. मोबाइलवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. 19 नोव्हेंबर 2023 रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. 2019 च्या उपांत्य सामन्यात हा आकडा 2.53 कोटींवर गेला होता. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक झपाट्याने ओसरले. असे लोंढे सामना सोडून एकदम अॅपच्या मुखपृष्ठावर आदळतात, म्हणून कंपन्या त्याचीही तजवीज करून ठेवतात. अभियंत्यांचे हे काम खरोखर मोठे आहे. परंतु सर्व्हर कितीही वाढवले तरी बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या किंवा शनवाऱ्यातल्या टॉवरची क्षमता तेवढीच राहते, आणि ती त्या टापूतल्या सगळ्यांत वाटली जाते.

ब्राझीलमध्ये 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात त्यांच्या संघाचा खेळ सुरू असताना इंटरनेटची वाहतूक उलट घटत होती. देश टीव्हीसमोर बसला होता. आपल्याकडे सामना टीव्हीवर पाहण्याची सोय कायद्यानेच केलेली आहे. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागते. डीडी फ्री डिशवर ते मासिक वर्गणीशिवाय दिसते. एवढा हक्क हाताशी असताना आपण तो वापरत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

महापालिकेने मोठ्या सामन्यांच्या दिवशी चौकाचौकांत फ्री डिश जोडून पडदे लावावेत. पॉवरलूम मालकांनी कारखान्यात एक टीव्ही ठेवावा. मोबाइल कंपन्यांनीही महिन्याच्या सरासरीआड न लपता सामन्याच्या संध्याकाळी कोणत्या टॉवरवर किती वेग मिळाला, ते जाहीर करावे. ग्राहक त्या संध्याकाळचेही पूर्ण पैसे मोजतो.