भीतीचे भांडवल

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर धाडी घातल्या, तेव्हा सुमारे ७०० तरुण-तरुणी तेथे कामावर सापडली. अमेरिकेच्या महसूल खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करायची, ‘कर थकला आहे, अटक होईल’ असे तिकडच्या नागरिकांना दूरध्वनीवरून धमकवायचे आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक उकळायचे, हा तेथील धंदा. वास्तविक ते खाते अशी कार्डे कधीच मागत नाही. मग माणसे फसली कशी? ज्याच्या दिमतीला करसल्लागारांची फौज असते तो अशा धमकीला हसतो. ज्याला राज्यसंस्था केवळ नोटिशीच्या रूपाने भेटते, तो वृद्ध वा नवागत स्थलांतरित मात्र गर्भगळीत होतो. ही भीती हेच या धंद्याचे भांडवल. श्रम होते ते इंग्रजी येणाऱ्या, पण बरी नोकरी न मिळालेल्या मुलांचे. फसवणुकीला बेकारीची सबब चालणार नाही, हे खरेच. तथापि लिहून दिलेला मजकूर वाचणारा पगारी नोकर आणि नफा खिशात घालणारा मालक यांना एकाच तराजूत कसे तोलावे? नोकर धाडीच्या रात्रीच सापडले. पोलिसांनी ज्याला सूत्रधार म्हटले, तो दुबईहून परतताना एप्रिल २०१७ मध्ये हाती लागला.