सूर्याचा सिनेमा

दादासाहेब फाळके म्हटलं की तुम्हाला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९१२ साली, त्यांनी एक गंमत केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. ते पडद्यावर दाखवलं, तर काय? मिनिटभरात बी रुजलं, कोंब वर आला, वेल चढायला लागला! त्या छोट्या चित्रपटाचं नाव होतं 'अंकुराची वाढ'.

रोप वाढतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाढताना कुणाला दिसत नाही. ठराविक वेळाने एकेक चित्र घ्यायचं आणि नंतर ती भरभर दाखवायची, की न दिसणारी हालचाल दिसायला लागते. आज हीच युक्ती आपण सूर्यावर करणार आहोत.

तुम्ही म्हणाल, सूर्याची कसली हालचाल? तो तर उगवतो आणि मावळतो! पण ती झाली पृथ्वी फिरल्यामुळे. सूर्य स्वतःसुद्धा स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीवरून बघितलं तर त्याच्या मध्यभागाला एका फेरीसाठी सुमारे २७ दिवस लागतात. हे कळतं कशावरून? त्याच्या अंगावरच्या डागांवरून. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असतं. डागांच्या जागी ते हजार-दोन हजार अंशांनी कमी असतं, म्हणून ते काळे दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आई-बाबांनो, हे तुम्हीही वाचा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा बघायचं नाही. भिंगाने कागद जळतो ना, तसाच डोळ्याच्या आतला पडदा जळतो. तो जळताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. गेलेली दृष्टी मग परत येत नाही. काही जुन्या दुर्बिणींबरोबर डोळ्याजवळच्या भिंगावर बसवायची एक काळी काच मिळत असे. ती उष्णतेने अचानक तडकते. घरात असली तर आजच फेकून द्या. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालणार नाही. आणि हा प्रयोग मोठं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय करायचा नाही.

मग सूर्य बघायचा कसा? कागदावर! ही युक्ती गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याची. दुर्बिणीतून येणारा प्रकाश कागदावर पाडायचा. कागदावर सूर्याचं गोल चित्र उमटतं आणि त्यात डागही दिसतात. दुर्बिणीकडे पाठ करून सगळ्यांना एकदम बघता येतं.

यासाठी लहान, भिंगांची दुर्बीण घ्या. पुढचं भिंग ५ सेंटिमीटरहून मोठं नको. मोठं असेल तर पुठ्ठ्याला तेवढं भोक पाडून समोर लावा. नळीवर नेम धरायची छोटी दुर्बीण असली तर तिला टोपण घाला. दुर्बीण तिकाटण्यावर बसवा. नेम धरताना नळीच्या सावलीकडे बघा. सावली सगळ्यात लहान झाली, की दुर्बीण सूर्याकडे वळली. दर दोन-तीन मिनिटांनी समोर झाकण लावून दुर्बिणीला विश्रांती द्या, नाही तर आतलं प्लॅस्टिक वितळेल. आणि ती तशीच सोडून पाणी प्यायलाही जाऊ नका. धाकटा भाऊ डोळा लावायला टपलेलाच असतो!

कागदावर कंपासने १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. सूर्याचं चित्र त्यात नेमकं बसेल इतका कागद मागे-पुढे करा. या मापाने आपली पृथ्वी केवढी होईल सांगू? जेमतेम दीड मिलिमीटर! म्हणजे तांदळाच्या कणीएवढा डागसुद्धा आपल्या पृथ्वीहून मोठा.

डाग दिसले, की पेन्सिलीने त्यांच्या जागी खुणा करा. लगेच लक्षात येईल की चित्र एका बाजूला सरकतंय. दोन मिनिटांत अख्खा सूर्य वर्तुळाबाहेर जातो. म्हणून एकाने दुर्बीण हलकेच वळवत राहायचं आणि दुसऱ्याने खुणा करायच्या. पण या सरकण्याचा एक फायदाही आहे. थोडा वेळ दुर्बीण न हलवता एक डाग सरकू द्या आणि त्याच्या वाटेवर दोन ठिपके देऊन रेघ ओढा. ही झाली पूर्व-पश्चिम रेघ. डाग ज्या बाजूला सरकला ती पश्चिम. रोजच्या चित्रावर ही रेघ हवीच. ती नसेल तर आपल्या सिनेमातला सूर्य भोवऱ्यासारखा डुलत राहील.

रोज एकच वेळ धरा. सकाळी आठ-साडेआठची उत्तम. जमीन तापली, की हवा थरथरते आणि डाग पुसट होतात. पावसाळ्यात हा उद्योग जमणार नाही. दिवाळीनंतरचं स्वच्छ आकाश बरं. १४ दिवसांची १४ चित्रं झाली, की रेघा आडव्या आणि वर्तुळं एकावर एक येतील अशा बेताने मोबाईलवर त्यांचे फोटो काढा आणि चित्रं जोडणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये ओळीने लावा. सेकंदाला ४ चित्रं दाखवली, तर साडेतीन सेकंदांत सिनेमा संपेल. एवढासाच? हो, पण त्यात सूर्य खऱ्यापेक्षा साडेतीन लाख पट वेगाने फिरत असेल!

आता सिनेमा नीट बघा. एखादा डाग पूर्वेच्या कडेला उगवतो. आधी तो अगदी चिंचोळा असतो आणि दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सरकतो. मध्यावर आला, की रुंद होतो आणि दिवसाला १७ मिलिमीटर पळतो. पश्चिमेच्या कडेला पुन्हा चिंचोळा, पुन्हा मंद. असं का? चेंडूवर शाईचा ठिपका देऊन चेंडू हळूहळू फिरवा, उत्तर मिळेल.

याच प्रश्नावर ४०० वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. जर्मनीतले क्रिस्तोफ शायनर म्हणत होते, हे डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह आहेत. गॅलिलिओ म्हणत होता, छे, ते सूर्याच्या अंगालाच लागून आहेत. त्याने १६१२ च्या उन्हाळ्यात रोज डागांची चित्रं काढली. ग्रह असते, तर ते कडेला असे चिंचोळे झाले नसते. पुढे शायनर यांनाही ते पटलं. गॅलिलिओची ती चित्रं आता कुणीकुणी जोडली आहेत आणि ४०० वर्षांपूर्वीचा सूर्य पडद्यावर फिरताना दिसतो! हे कशामुळे शक्य झालं? त्याने डाग जिथे होता तिथेच काढला म्हणून.

तेव्हा एक गोष्ट पाळा. एखाद्या दिवशी ढग आले, किंवा परीक्षेमुळे राहून गेलं, तर "काल इथे होता, म्हणजे आज तिथे असेल" असं म्हणून अंदाजाने डाग काढायचा नाही. त्या दिवशीचं वर्तुळ कोरं ठेवा आणि खाली लिहा, 'ढग'. सिनेमाला एक धक्का बसेल, बसू दे. डाग नाहीसे होतात, दुभंगतात, नवे उगवतात. आपण अंदाजाने काढलं, तर सूर्याने खरं काय केलं ते कधीच कळणार नाही.

तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे असे रोज फोटो घेतले जात आहेत. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. २०२४ च्या सुमारास ते भरपूर होते. अशा गोष्टी समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही, वह्या एकाकडून दुसऱ्याकडे जाव्या लागतात.

पुढे आवड वाढली, तर हौशी खगोल मंडळात जा. तिथे कुणाकडे फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश आत येऊ देणारी खास दुर्बीण असेल. तिला कॅमेरा लावून दर मिनिटाला एक चित्र घेतलं, तर तासाभरात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला हलताना दिसतात. पण ती दुर्बीण महाग असते. आपला कागद आणि पेन्सिल काय वाईट आहे?

तर मग, कंपास आणि वही काढा. पहिल्या पानावर तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका हं!